जुना कॅमेरा घेण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबत जोडलेली कॅमेऱ्यांची यादी मिळाली. यादीच्या आरंभी लायका एम-३, रोलायफ्लेक्स आणि निकॉन एफ आहेत, मध्ये काही रशियन कॅमेरे आहेत आणि अगदी शेवटी, आजोळी माळ्यावर सापडलेल्या आग्फा क्लिक-थ्रीचा ओझरता उल्लेख आहे. सुरुवात कशापासून करावी, असे तू विचारले आहेस. सुरुवात त्या शेवटच्या नावापासून कर. ज्या कॅमेऱ्यातून वर्षभरात एकही रोल गेला नाही, तो माझ्या हिशेबी संग्रहात नाही, नुसता कपाटात आहे. पुढे जे काही लिहितो आहे ते सगळे कॅमेरा चालता ठेवण्याच्या बाजूने लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

क्लिक-थ्री हा बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात तयार केलेला कॅमेरा. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आलेला तो पहिला कॅमेरा होता, आणि सहलीचे, मुंजीचे, शाळेच्या गॅदरिंगचे जे चौकोनी कृष्णधवल फोटो जुन्या अल्बमांच्या काळ्या पानांवर कोपरे लावून बसवलेले दिसतात, त्यांतले पुष्कळसे त्याचेच असतात. त्यात १२० चा (रुंद, कागदी पाठीचा) रोल बसतो आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे १२ फोटो येतात. शटरचा (प्रकाश क्षणभर आत सोडणाऱ्या पडद्याचा) वेग एकच, फोकस करण्याची सोय नाही आणि भिंग इतके साधे की मध्यभाग स्वच्छ येतो व कडा पुसट होत जातात. १२० चा रोल आजही मिळतो. १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) कृष्णधवल रोल घाल, माणसापासून तीनेक मीटर अंतर राख आणि सकाळच्या उन्हात हात स्थिर ठेवून फोटो काढ. पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा असतो; तेवढा वेळ सोडून ती खिडकी अंगठ्याने झाकलेली बरी, कारण आजच्या फिल्मला लाल प्रकाशही लागतो. या १२ फोटोंतून प्रकाश आणि अंतर यांचा जो अंदाज येईल, तो पुढे कोणत्याही महाग कॅमेऱ्यावर उपयोगी पडेल.

त्यानंतर ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा एकच एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच पाहण्याचा) कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची एकच लेन्स घे आणि निदान वर्षभर तेवढ्यावरच काम कर. माझी पहिली पसंती पेंटॅक्स के-१००० ला आहे. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो बनत राहिला, त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे, आणि बॅटरी फक्त लाइट मीटरसाठी (प्रकाश मोजण्यासाठी) लागते, त्यामुळे ती संपली तरी कॅमेरा अडत नाही. १९७७ चा निकॉन एफएम आणि १९८२ चा एफएम-२ हेही याच जातीचे असून बांधणीत अधिक सरस आहेत. मात्र निकॉनची लेन्स घेताना ती १९७७ पासूनच्या एआय या जोडणीपद्धतीची आहे ना, हे पाहा. त्याआधीची मूळ स्थितीतली लेन्स एफएम-२ वर जबरदस्तीने बसवली तर कॅमेऱ्याचे नुकसान होते. झेनिट-ई तुला सर्वांत स्वस्त मिळेल. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला हा कॅमेरा जड आणि काहीसा ओबडधोबड आहे, शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंतच मिळतो, आणि तरीही मी त्याला कमी लेखणार नाही, कारण त्याच्यासोबत बहुधा हेलिओस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची लेन्स येते.

या हेलिओसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जुन्या लेन्सची गोडी तुला इथूनच लागेल असे मला वाटते. तिची रचना झाइसच्या बायोटार या युद्धपूर्व जर्मन लेन्सवरून घेतलेली आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ-२ वर पूर्ण उघडून, एखाद्या माणसाला झाडीसमोर उभे करून जवळून फोटो काढलास, तर मागची पाने त्या माणसाभोवती गोल फिरत असल्यासारखी दिसतात. काटेकोरपणे पाहिले तर हा त्या रचनेचा दोष आहे; कडेच्या भागात प्रकाशाचे ठिपके गोल न येता लांबट होतात आणि ते सगळे मिळून भोवऱ्यासारखे भासतात. आजच्या लेन्समध्ये असे दोष गणिताने जवळजवळ नाहीसे केलेले असतात. जुनी लेन्स वापरण्याचा आनंद मात्र पुष्कळदा अशा दोषांशी ओळख करून घेण्यात असतो, म्हणजे तो कोणत्या अ‍ॅपर्चरवर दिसतो, कोणत्या प्रकाशात खुलतो आणि केव्हा टाळावा, हे स्वतःच्या निगेटिव्हवरून शिकण्यात. भिंगांवर परावर्तन कमी करणारा लेप देण्याची पद्धत झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. त्याआधीच्या, लेप नसलेल्या लेन्समध्ये समोरून ऊन आले की सावल्या धूसर होतात आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. धुक्यातल्या सकाळी तीच लेन्स अप्रतिम वाटते. हेलिओस कॅमेऱ्यावर बसवण्याचे एम-४२ हे आटे अतिशय प्रचलित आहेत, त्यामुळे साध्या अ‍ॅडॅप्टरने ती आजच्या मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावरही बसते. ज्या महिन्यात रोलला पैसे नसतील त्या महिन्यात तिचा अभ्यास डिजिटलवर करायला हरकत नाही.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलीस, तर नाव वाचण्याआधी काच पाहा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धर आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहा, मग उलट बाजूने पाहा. धुळीचे चार कण आणि समोरच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाहीत, त्यासाठी चांगली लेन्स सोडू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे दिसले तर ती फंगस, म्हणजे बुरशी आहे. सर्वत्र पसरलेले धुके दिसले तर फोटोतला उठाव जाणार. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकत असेल तर ती पाती वेळेवर मिटणार नाहीत. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ-१.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच आहे आणि ती काळाने पिवळी पडते. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशात ठेवल्यावर उतरतो, म्हणून त्याला घाबरू नकोस.

कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून, रोल न घालता, प्रत्येक वेगावर शटर चालवून पाहा. एक सेकंदाचा वेग सेकंदाहून बराच लांबला किंवा मध्येच अडकला, तर आतले वंगण सुकले आहे असे समज. हा आजार बरा होण्यासारखा आहे, फक्त दुरुस्तीचा खर्च किमतीत धरून बोलणी कर. कापडी पडदा असेल तर तो उजेडासमोर धरून भोके शोध. रेंजफाइंडर कॅमेरा (त्यात लेन्समागे आरसा नसतो) लेन्सचे तोंड सूर्याकडे करून ठेवला तर पडद्याला खरोखरच जळून भोक पडते. सत्तरीतल्या आणि ऐंशीतल्या जपानी कॅमेऱ्यांत झाकणाच्या कडेला असलेला फोम बहुधा चिकट काळा लगदा झालेला सापडेल. तो बदलणे स्वस्त आहे आणि जरूर बदलावा, नाहीतर प्रकाश आत शिरतो. फेड किंवा झोर्की हे लायकाच्या धर्तीचे सोव्हिएत कॅमेरे घेतलेस तर रोल पुढे ओढल्यानंतरच शटरचा वेग बदलायचा, आधी कधीही नाही. सेल्फ-टायमर चालतो का हे पाहण्याचा मोह मात्र टाळ. जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळेच अडकते.

लाइट मीटरवर विसंबू नकोस. झेनिटसारख्या कॅमेऱ्यांतल्या सेलेनियमच्या मीटरला बॅटरी लागत नाही, पण ते सेल वर्षांनुवर्षांत क्षीण होतात. बरेच जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्या बॅटऱ्या पर्यावरणाच्या कारणाने बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टची बॅटरी घातली की अनेक कॅमेऱ्यांचे मीटर चुकीचे मोजतात. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ-१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग, हा नियम पाठ कर आणि ढग येतील तसे अ‍ॅपर्चर एकेक पायरी उघडत जा.

लायकाविषयी थोडक्यातच लिहितो. १९५४ चा एम-३ हातात घेतला की यंत्र किती नेमके असू शकते हे कळते, आणि त्याच्याबद्दलचा सगळा आदर योग्यच आहे. पण आज त्याच्या किमतीत तुझे कित्येक वर्षांचे रोल येतील. सोनेरी रंगाचे, जर्मन लष्करी चिन्हे कोरलेले 'लायका' बाजारात दिसले तर ते बहुतेक वेळा फेड किंवा झोर्कीवर चढवलेले सोंग असते. रोलायफ्लेक्सची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे कॅमेरे घेऊन स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. रोलायफ्लेक्ससारख्या छातीशी धरून वरून पाहायच्या कॅमेऱ्यात मान खाली घालून पाहणारा छायाचित्रकार समोरच्या माणसावर डोळे रोखत नाही, म्हणून चेहरे मोकळे राहतात, असा माझाही अनुभव आहे. हा अनुभव तुला त्याच पद्धतीच्या याशिका मॅट-१२४जी वर कितीतरी कमी पैशांत मिळेल. त्याची ८० मिलिमीटरची याशिनॉन लेन्स उत्तम आहे, आणि गावोगावच्या स्टुडिओंनी अशाच याशिकांवर लग्नेच्या लग्ने काढली आहेत.

आता तुझ्या रत्नागिरीबद्दल. हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहितो आहे, कारण कोकणात जितके कॅमेरे पडून फुटले नसतील तितके पावसाळ्यात बुरशीने गेले आहेत. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट डागांवर फंगस वाढू लागते, आणि तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप कायमचा खातात. फंगस पुसता येते, खाल्लेला लेप परत येत नाही. कॅमेऱ्याची मूळ चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी मे महिन्याच्या अखेरीस कॅमेरा तिच्यातून बाहेर काढ, कारण चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा एक छोटा मीटर, एवढे पुरेसे आहे. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू दे; फार कोरडेही नको. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येते. डांबराच्या गोळ्या कपड्यांसाठी ठेव, लेन्सजवळ नको, त्यांची वाफ काचेवर बसते. फंगस लागलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेव. पावसाळ्यातही दर पंधरा दिवसांनी डबा उघडून प्रत्येक कॅमेऱ्याचे शटर सगळ्या वेगांवर चालव आणि ठेवताना शटर ताणलेले राहू देऊ नकोस. अडकलेले काही सुटावे म्हणून त्यात तेलाचा फवारा मारायचा नाही. तो पात्यांवर आणि काचांवर पसरतो आणि मग कुशल कारागीरही हात टेकतो.

रोल महाग आहेत, हे तुझे म्हणणे खरे आहे. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये १९६७ पासून 'इंदू' नावाची फिल्म बनत असे. तो कारखाना बंद पडला आणि आता रोल परदेशातून येतात. म्हणूनच कृष्णधवल रोल घरी धुवायला शीक. डेव्हलपिंग टँक, अंधारी पिशवी, थर्मामीटर आणि डी-७६ सारखे १९२७ पासून वापरात असलेले साधे डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन), एवढ्यावर ते जमते. रसायनांच्या पाकिटावरची वेळ २० अंश सेल्सिअससाठी दिलेली असते आणि तुझ्या नळाचे पाणी बहुतेक वर्षभर त्याहून बरेच गरम असणार. गरम पाण्यात वेळ कमी लागतो खरा, पण तो फार कमी करण्यापेक्षा बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान खाली आण, कारण पाच मिनिटांहून कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही.

आणखी एक काम मला महत्त्वाचे वाटते. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वहीत एक पान राख. अनुक्रमांक, दुरुस्त्या, कोणता वेग किती चुकतो याच्या नोंदी तर हव्यातच, पण तो कोणाकडून आला आणि त्यांनी त्यावर काय काढले, हेही विचारून लिही. बंद होणाऱ्या स्टुडिओतून कॅमेरा घेतलास तर तिथल्या निगेटिव्हचे काय होणार आहे, असे आवर्जून विचार. आतल्या चांदीसाठी निगेटिव्ह किलोवर विकल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर एकेका गावाचे दोन पिढ्यांचे चेहरे गेले आहेत. निगेटिव्ह ठेवायला जागा नसेल तर ज्या घरांचे फोटो आहेत त्या घरांपर्यंत त्या पोचतील एवढे तरी पाहा. आजोळच्या क्लिक-थ्रीचे पान आजीला विचारून आताच भरून ठेव.

क्लिक-थ्रीचा रोल धुऊन झाला की निगेटिव्हचा प्रकाशासमोर धरून काढलेला फोटो मला पाठव. चौकटीच्या बाहेर, कडेपर्यंत काळे पट्टे आले असतील तर प्रकाश कुठून शिरतो ते त्यांच्या जागेवरून सांगता येईल. के-१००० पाहायला जाशील तेव्हा एक सेकंदाच्या शटरचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आण, म्हणजे दुरुस्तीला किती धरायचे ते ठरवू.

कळावे.

तुझा,
काका