म्युनिकमध्ये राहतो, मुलं लहान आहेत. शनिवार-रविवार डोंगरात कुठे आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की घर कोल्हापुरात, नोकरीसाठी म्युनिकला येऊन वर्ष झालं, मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड, गाडी नाही. आणि जूनमधल्या एका शनिवार-रविवारात त्सुगश्पिट्झेचं शिखर, नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा आणि जमलं तर ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक शहर असं सगळं बसेल का. बसवलं तर बसेल. पण मुलांना घेऊन तसं करू नका, हे मी कळकळीनं सांगते. मुलं एवढीएवढीशी असताना आम्हीही काही वर्षं म्युनिकला काढली, आता परत कोल्हापुरात आहोत, त्यामुळे दोन्हीकडचं माहीत आहे.

आपण पन्हाळ्याला कसं जातो ते आठवा. बाहेरगावचे पाहुणे यादी घेऊनच येतात: तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव, पुसाटी बुरूज, आणि उतरताना जोतिबाही. आपण मात्र दुपारी ऊन कललं की निघतो, वीसेक किलोमीटर जातो, मोकळी जागा बघून सतरंजी टाकतो, झुणका-भाकर, ठेचा, दही मागवतो. पोरं हुंदडतात, म्हातारी माणसं वारं खात बसतात, अंधार पडायच्या आत खाली. 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तरी कोल्हापूरकराची जायची रीत काही बदललेली नाही. आल्प्समध्येही असंच जा. एक गाव, एक तळं, दोन दिवस, बास.

गाव मी मिटेनवाल्ड सुचवेन. ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून, म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून रीजनल गाडीनं पावणेदोन-दोन तास. तुमच्याकडे डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभर रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळं काही काढावं लागत नाही. नसेल तर बायर्न-टिकेट काढा, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट. ते शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालतं, इतर दिवशी मात्र सकाळी नऊनंतर. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. एक लक्षात ठेवा: काही गाड्यांचे वाटेतल्या गार्मिश स्टेशनला दोन भाग होतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना जातात. बाबागाडी, पिशव्या आणि झोपलेलं पोर घेऊन ऐनवेळी डबा बदलायची वेळ येऊ नये म्हणून चढतानाच डब्यावर मिटेनवाल्डचं नाव बघा.

उंचीचं विचारलंय तुम्ही. म्युनिक आणि कोल्हापूर, दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत. मिटेनवाल्ड नऊशेच्या थोडं वर, म्हणजे साधारण पन्हाळ्याच्या जोडीचं. तिथं दीड वर्षाच्या मुलाला काही होत नाही. त्सुगश्पिट्झे 2,962 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, त्यावरून अंदाज करा. आयबझे तळ्यापासून निघालेली केबल कार दहा मिनिटांत 1,945 मीटर चढते. वरती हवेचा दाब समुद्रकाठच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो. आपल्या कानाला दडे बसले की आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. धाकट्याला ते सांगूनही कळणार नाही, आणि त्यात सर्दी असेल तर कानाचं दुखणं फार वाईट. इतके पैसे घालून वर जायचं आणि ढग असले की काहीच दिसत नाही. मुलं आठ-दहा वर्षांची झाली की जा, तेव्हा त्यांनाही त्याचं काही वाटेल.

मग मिटेनवाल्डमध्ये दोन दिवस करायचं काय? इजार नदी गावातूनच वाहते, तीच जी पुढे म्युनिकमधून जाते. इथं ती लहान, हिरवट आणि बर्फासारखी गार आहे. काठाला चुनखडीचे पांढरे गोटे पडलेले असतात, काही अंड्याएवढे, काही भाकरीएवढे सपाट. माझी मुलगी त्या गोट्यांमधून काठीनं पाट काढत बसायची. काठाजवळचं पाणी तिकडे वळलं की पानं सोडायची, पान अडकलं की दगड हलवायची, परत पान. मागे एवढाले कारवेंडेल डोंगररांगेचे कडे उभे, पण तिची मान काही वर व्हायची नाही. तिच्यासाठी डोंगर म्हणजे तेवढंच होतं आणि ते पुरेसं होतं. मुलांना असं बसू द्यायला वेळ हवा, तो यादीत मिळत नाही. फक्त काठावर तुम्ही हाताच्या अंतरावर राहा. वर पाऊस झाला असेल तर पाणी जोरात असतं, त्या दिवशी नदी नको.

दुसरी जागा लाउटरझे तळं. गावाच्या वर, हजार मीटरच्या आसपास. हंगामात गावातून बस जाते. चालत जायचं तर डांबरी रस्त्यानं जा, ओढ्याकाठची पायवाट सुंदर आहे पण बाबागाडी चढत नाही. दगडांच्या खोलगट घळीतली लॉइटाशची लोखंडी वाटही मोठ्या मुलीला आवडेल, तिथंही बाबागाडी चालत नाही, धाकट्याला पाठीवर घ्यावं लागेल. ती वाट ऑस्ट्रियात शिरते. सगळ्यांचे पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा, मुलांचेही. हद्दीवर तपासणी होते.

वाटेतल्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली चालायची वेळ मोठ्या माणसांची असते. चार वर्षांच्या मुलीबरोबर दुप्पट धरा. वाटांवर निळी खूण सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. तुम्ही निळी सोडू नका. हा हिशोब बव्हेरियाचा. पुढेमागे स्वित्झर्लंडला गेलात तर तिथं पांढरी-निळी-पांढरी खूण सगळ्यात अवघड वाटेची असते, तिकडे वळायचंच नाही.

पाठीवरच्या कॅरियरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं. चढताना बाप घामाघूम होतो, शर्ट काढावासा वाटतो. मागे बसलेलं पोर मात्र हलत नाही, त्याला वारा लागतो, आणि लोंबत्या पायांत रक्त नीट फिरत नाही. बाप म्हणतो, "उकडतंय," आणि पोराचे पाय बर्फ झालेले असतात. म्हणून त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त घाला, पायात लोकरीचे मोजे, आणि अर्ध्या-पाऊण तासानं खाली उतरवून चालू द्या. हात गार असले तरी घाबरू नका, मानेमागे हात लावून बघा; मान गार असेल तर पोर खरंच गारठलंय. उन्हाचंही तसंच. हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, गार वाऱ्यात ते कळत नाही. टोपी आणि क्रीम ढगाळ दिवशीही हवं.

गोचीड हा विषय मात्र गंभीरपणे घ्या. बव्हेरियाचा जवळपास सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या यादीत आहे. त्याची लस एक वर्षापुढच्या मुलांना देता येते. तुमच्या मुलांना कधी द्यायची ते तिथल्या बालरोगतज्ज्ञांना जाण्याच्या बरेच आधी विचारा, कारण लशीला एकापेक्षा जास्त डोस लागतात. गोचिडीतून बोरेलिओसिसही (लाइम रोग) होतो, त्यावर लस नाही. म्हणून रोज संध्याकाळी मुलांचं अंग तपासायचं: केसांच्या कडेला, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, जांघेत. दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल काही लावायचं नाही. आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूचा माकडतापही गोचिडीतूनच येतो, त्यामुळे घरी आई-वडिलांना फोनवर समजावताना तोच दाखला द्या, लगेच पटतं.

राहायला हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्या. तिथं त्याला फेरीनवोनुंग म्हणतात. शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. मुक्कामाला गावचा छोटा कर भरावा लागतो, त्याबदल्यात मिळणाऱ्या पाहुण्यांच्या कार्डावर आसपासच्या बस फुकट असतात, ते कार्ड मागून घ्या. मे-जूनमध्ये फिंग्स्टेन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचे दोन आठवडे शाळा बंद असतात, तेव्हा जागा मिळत नाही आणि मिळाली तर महाग. त्या तारखा टाळा.

रविवारी दुकानं बंद, शनिवारीही रात्री आठला बंद. वर्षभर राहिलात म्हणजे हे ठाऊक आहेच, पण प्रवासात विसरायला होतं आणि धाकट्याचं दूध संपतं. तांदूळ, मूगडाळ, तूप, हळद-हिंग डब्यांत घेऊन जा. कोल्हापूरहून आलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर तीही. डोंगरात भूक लागलेल्या मुलांना गरम मऊ भात मिळाला की निम्मी किरकिर तिथंच थांबते.

डोंगरातल्या उपाहारगृहांत मुलांसाठी काइझरश्मार्न मागवा. अंड्याचा जाड, फुललेला, तुकडे केलेला गोड पदार्थ, बरोबर सफरचंदाचा मुरंबा. आमच्या घरी तो अजून बनतो. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या शेवया म्हणा, तेही मुलं खातात. गोमांस खात नसाल तर सूपला फसू नका. धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं फानकुखेनझुपे दिसायला शाकाहारी, पण पाणी बहुधा गाईच्या हाडांचं असतं. विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख ठेवा.

गाई दिसल्या की आपली मुलं धावतच जातात. वासरू जवळ असलेल्या गाईपासून लांब ठेवा, त्या मोकळ्या असतात आणि अंगावर येतात.

उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस फार वेळा येतो. सकाळी लवकर वर जा, दोनपर्यंत गावात परत. अडचण आली तर नंबर 112.

आणि रविवारी संध्याकाळची गाडी धरू नका. डोंगरातून परतणारे सगळे त्याच वेळी निघतात, बाबागाडी चढवायला जागा राहत नाही. गावातच जेवून दोन-तीनची गाडी पकडा. दोन्ही मुलं गाडीत झोपतील, तुम्ही दिवेलागणीच्या आत घरी पोचाल. सोमवारी सकाळी मुलीला किंडरगार्टनला उठवायचं असतं.