वॉटर पेपरचे ओरखडे काढायला कोणतं पॉलिशिंग मशीन घ्यावं, रोटरी की ड्युअल ॲक्शन?

ड्युअल ॲक्शन घ्या. रोटरीचं पॅड नुसतं गोल गरगर फिरतं, याचं फिरताना डगमगतंही. आता कारण सांगतो, पण ते जरा लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की गाडीच्या दारावरचा ओरखडा घालवायला 2000 चा वॉटर पेपर (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) मारला, ओरखडा गेला पण धुरकट डाग राहिला, आणि मित्र म्हणतोय ‘घरच्या ग्राइंडरलाच बफ लाव, मशीनवर पैसे कशाला घालतोस’. त्या मित्राला आधी गाडीपासून लांब ठेवा. आमच्याकडे हाच सल्ला देणारे माझे दाजी होते, आणि दाजींना लांब ठेवता येत नाही.

2019 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई आणि दाजी अमळनेरहून आमच्याकडे जळगावला आलेले. आमची काळी गाडी अंगणात निंबाखाली उभी असते, आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध कावळ्याची शीट पडून दोन दिवस झालेले. मे महिन्यात जळगावात दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले. पुसली तरी तिचा ठसा क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरला होता. सकाळी सावलीत बसून मी तिथे 1500 चा पेपर पाण्यासोबत मारला, तळहाताएवढ्या जागेत. ठसा गेला, पण जागा शाळेच्या पाटीसारखी करडी झाली. मग हाताने अर्धा तास रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) घासलं. खांदा भरून आला, पाटी तशीच.

दाजी चहाचा कप घेऊन बाहेर आले. बघितलं आणि म्हणाले, “थांब, पाच मिनिटमा आरसा करी देस.” त्यांच्या चुलतभावाचं फॅब्रिकेशनचं काम आहे. फोन केला, तिथला पोरगा मोटरसायकलवर ग्राइंडर आणि लोकरीचा बफ घेऊन आला. तोवर बारा वाजलेले. निंबाची सावली भिंतीकडे सरकली होती आणि बॉनेटवर हात ठेववत नव्हता. आत खापरावर मांडे सुरू होते, आईने दोनदा हाक मारली.

ग्राइंडर सुरू झाला. लोकर उडायला लागली, कंपाउंड लावल्या लावल्या वाळून त्याचा चुरा पडू लागला. मधला भाग चमकला, हे मी नाकारत नाही. तिथे थांबले असते तर आज हे उत्तर लिहायची वेळ आली नसती. पण दाजींना चेव आला, ‘आता सगळंच बॉनेट करून टाकू’. हेडलाइटच्या वर बॉनेट जिथे खाली वळतं त्या उजव्या कडेवर गेले, आणि मला जळक्या कंगव्यासारखा वास आला. मी म्हटलं, “दाजी, वास येतोय.” ते म्हणाले, “येऊ दे.” ग्राइंडर उचलला तर कडेवर बोटभर लांब राखाडी पट्टी. प्रायमर, रंगाखालचा थर! दाजींनी रुमाल काढून ती पुसून पाहिली.

साधा हिशोब आहे. छोटा ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो आणि बऱ्याच ग्राइंडरांना वेग कमी करायची सोयच नसते. रोटरी पॉलिशर 600 ते 3,000 मध्ये चालतो. कंपनीच्या रंगावर क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षा पातळ. कडेवर तो आणखी पातळ, आणि बफचा सगळा दाब तिथे एका रेघेवर येतो. ड्युअल ॲक्शनचं पॅड फिरता फिरता डगमगतंही, आणि कडेवर जास्त दाबलं तर बहुतेक वेळा फिरायचंच थांबतं. नवख्या माणसाला हाच त्याचा मोठा फायदा.

तर तुमच्यासाठी: 5 इंची प्लेटचं (पॅड जिच्यावर बसतं ती चकती), 8 किंवा 15 मिमी थ्रोचं (पॅड किती डगमगतं ते माप) ड्युअल ॲक्शन. दाराच्या वळणांवर 8 चं बरं पडतं. पण मशीन लावायच्या आधी 3000 चा पेपर भरपूर पाण्यात मारा, निम्मं काम तिथेच होतं. मायक्रोफायबरचं कटिंग पॅड, त्यावर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब कंपाउंड, दोन बाय दोन फुटांची जागा, आधी आडवं मग उभं. प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही तर दाब जास्त झालाय. कडांना मास्किंग टेप. आपल्या भागात हे सकाळी आठच्या आत, सावलीत. आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. नाहीतर कंपाउंडमधलं तेल ओरखडे झाकतं आणि तिसऱ्या धुण्याला ते परत दिसतात.

सहा हजारांत कोणतं मॉडेल घ्यावं हेही विचारलंय, ते दुकानात हातात धरून ठरवा. वजन आणि थरथर कागदावर कळत नाही.

रोटरी वाईट असं मी म्हणत नाही. 1500 च्या खुणा तोच सगळ्यांत लवकर काढतो, पेंटर तोच वापरतात, फक्त नंतर उन्हात भोवरे, म्हणजे गोल गोल बारीक ओरखडे, दिसतात ते फोम पॅडने घालवावे लागतात. तुमचं दार पूर्वी रंगवलेलं असेल तर क्लिअर कोट किती उरलाय देव जाणे, तेव्हा जपून. गाडी पांढरी आहे म्हणता, म्हणजे रंग पॅडवर यायला लागला तरी चटकन दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या. आणि हो, 1500 वरून मी थेट कंपाउंडवर गेलो ही माझी चूक. मधली पाटी माझीच.

आमचा डेंटिंग-पेंटिंगवाला गाडीजवळ आला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “ग्राइंडर मारला का?” दाजींचं म्हणणं, तो माझ्या ओळखीचा आहे. दर आखाजीला पाटावर बसले की ते सगळ्यांदेखत सांगतात, “तुना हात जड शे, पेपरनेच रंग गेला होता.” दाजी, ताई तुम्हाला हे वाचून दाखवणारच आहे म्हणून लिहितो. शीट मधोमध पडली होती. उजव्या कडेला मी पेपर लावलाच नव्हता.