‘आता शंका आली तरी मी कुणाला विचारत नाही’

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून अकरा महिन्यांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागली. सर्जिकल वॉर्डमध्ये आहे. तिथल्या तीन-चार सीनियर सिस्टर तिला पहिल्यापासून वाळीत टाकल्यासारखं वागवतात. हँडओव्हर (पाळी बदलताना द्यायची पेशंटची माहिती) अर्धवट देतात, पेशंटसमोर ‘बावळट’ म्हणतात, जड पेशंटची कूस बदलायला हाक मारली तर कुणी येत नाही. ड्यूटीतले बदल ज्या ग्रुपवर कळवतात त्यात तिला घेतलेलंच नाही, आणि मग तिची गैरहजेरी लागते. इन्चार्ज सिस्टर त्यांच्याच गटातल्या. मेट्रनकडे गेली तर ‘नवीन आहेस, आम्हीही सोसलंय, जुळवून घे’ म्हणाल्या. प्रशासनाला दोन पानी पत्र दिलं, त्याला महिना झाला, उत्तर नाही. परवा मला म्हणाली, ‘आता शंका आली तरी मी कुणाला विचारत नाही.’ तिला अजून सोसायला सांगू, की नर्सिंग सोडून दुसरा कोर्स करायला सांगू?
– एक आई

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच एका वाक्यावर थांबले. बाकी सगळं त्रासाचं आहे, पण मुलीचं ते वाक्य धोक्याचं आहे. अकरा महिन्यांच्या नर्सला शंका यायलाच हव्यात. हा डोस बरोबर आहे ना, ऑपरेशननंतर लावलेल्या नळीतून (ड्रेनमधून) इतकं रक्त येणं ठीक आहे का, या पेशंटला आज उठवून बसवायचं की नाही. अशा शंका ती मनातच ठेवू लागली, तर एक दिवस तिच्या हातून चूक होईल. त्या चुकीचं दुखणं पेशंटच्या वाट्याला येईल आणि दोष एकट्या तिच्या माथी लागेल. म्हणून सोसायचं की सोडायचं हे आपण थोडं नंतर पाहू. आधी तिला शंका विचारायला एक माणूस मिळवून द्या.

तो माणूस तिच्या वॉर्डातला नसला तरी चालेल. रात्रपाळीच्या सुपरवायझर, औषध विभागातले फार्मासिस्ट, ड्यूटीवरचे डॉक्टर, समोरच्या वॉर्डातली एखादी समजूतदार सिस्टर यांच्यापैकी कुणीही. रोजच्या कामातल्या, तातडीच्या नसलेल्या शंकांसाठी तिच्या कॉलेजच्या एखाद्या मॅडम, पेशंटचं नाव न घेता. तिने हे याच आठवड्यात ठरवावं. पेशंटच्या जिवाशी संबंध असलेली शंका असेल, तर समोर कोण तोंड वाकडं करतंय हे न बघता विचारायचंच, हे मात्र तिला स्पष्ट सांगा.

आता, हा खरंच छळ आहे का? हे तपासायलाच हवं, कारण सगळा कडकपणा छळ नसतो. एखादी सिस्टर ‘हात धुतलेस का?’ म्हणून खेकसते, पण नंतर ड्रेसिंग पुन्हा करून दाखवते. तिच्या बोलण्याने डोळ्यांत पाणी येईल, तरी सहा महिन्यांनी काम आलेलं असेल. शिवाय कॉलेजात शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांत अंतर असतं, आणि त्याचा धक्का बहुतेकींना बसतो. अमेरिकेतल्या नर्सिंग-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच त्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलं होतं. तो धक्का वेळेनुसार ओसरतो.

पण तुम्ही लिहिता ते वेगळं आहे. स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी कामाच्या जागेवरच्या छळासाठी एक माप सुचवलं होतं : आठवड्यातून निदान एकदा आणि सलग निदान सहा महिने. त्याला ते ‘मॉबिंग’ म्हणत. तुमच्या मुलीचे अकरा महिने झालेत. आणि मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी खूण : या वागण्यातून ती काहीच शिकत नाही. हँडओव्हर अर्धवट दिल्याने कुणी चांगली नर्स होत नाही. ग्रुपमधून वगळल्याने कुणाला शिस्त लागत नाही. तेव्हा हा छळच आहे, आणि ‘आपलीच मुलगी हळवी आहे का?’ ही शंका तुम्ही मनातून काढून टाका.

बायकाच बायकांशी असं का वागतात, असं लोक विचारतात. मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. वॉर्डात माणसं कमी, खाटा जास्त, वरून डॉक्टर ओरडणार, बाहेरून नातेवाईक. निर्णय आपल्या हातात नाहीत आणि जबाबदारी मात्र सगळी आपली. सुसान जो रॉबर्ट्स या नर्सिंग-अभ्यासकांनी १९८३ मध्ये हे नीट मांडलं : ज्या गटाला वर उलटून बोलता येत नाही, तो आपला राग आपल्यातल्याच दुबळ्यांवर काढतो. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. त्या सीनियर सिस्टरही कधीतरी वांगं होत्या. हे समजलं म्हणून त्यांचं वागणं क्षम्य ठरत नाही, पण ‘माझ्यातच काहीतरी कमी असणार’ हे जे विष मुलीच्या मनात उतरलंय ते थोडं कमी होतं.

मी या कामात येण्याआधी काही वर्षं वॉर्डात होते. आमच्यातल्या एका नव्या मुलीशी सगळ्यांनी बोलणं टाकलं होतं. मी तिला त्रास दिला नाही, पण एकदाही तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले नाही. ती चार महिन्यांत निघून गेली. गप्प बसणारे सगळे त्या गटाचे नसतात, ते घाबरलेले असतात, हे मी स्वतःवरून सांगते. तुमच्या मुलीच्या वॉर्डातही अशी एखादी असेल. तिला साक्ष द्यायला सांगायची नाही. ‘कूस बदलताना मला हाक मार, मीही तुला मारेन’ एवढंच तिच्याशी ठरवायचं. छळ करणाऱ्यांना एकटी पडलेली मुलगी लागते. दोघी असल्या की पुष्कळदा धार कमी होते.

तोंडावर काय बोलायचं, याची तयारी घरी करता येते. मार्था ग्रिफिन या संशोधक नर्सने २००४ मध्ये बॉस्टनमधल्या २६ नव्या नर्सेसवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांना आधी या छळाचे नेहमीचे प्रकार समजावले, मग प्रत्येक प्रकारावर ठरलेलं उत्तर पाठ करून घेतलं आणि ती वाक्यं लिहिलेली छोटी कार्डं ओळखपत्रामागे ठेवायला दिली. त्यातून त्या मुलींना तो अपमान स्वतःवर न घेता प्रश्न विचारत राहणं आणि शिकत राहणं जमलं, असा ग्रिफिन यांचा निष्कर्ष होता. प्रश्न विचारत राहणं, ताई. आपल्याला नेमकं तेच परत आणायचंय.

तुमच्या मुलीसाठी मी तीन वाक्यं सुचवते. कुणी भुवया उडवल्या, तोंड फिरवलं, तर : ‘सिस्टर, तुम्हाला मला काही सांगायचंय असं वाटतंय. सरळ सांगा, मी ऐकते.’ पेशंटसमोर पाणउतारा झाला तर : ‘हे आपण ड्यूटी रूममध्ये बोलू, पेशंटसमोर नको.’ आणि अर्धवट हँडओव्हर मिळाला तर : ‘राहिलेल्या पेशंटची माहिती मिळाल्याशिवाय मला चार्ज घेता येणार नाही.’ आवाज चढवायचा नाही आणि माफीही मागायची नाही. तुम्ही सीनियर सिस्टर व्हा आणि तिच्याकडून ही वाक्यं दहादा म्हणून घ्या. पहिल्यांदा तिला रडू येईल, येऊ द्या. वॉर्डात रडू येण्यापेक्षा ते घरी आलेलं बरं.

आता प्रशासनाकडे वळू. त्यांनी उत्तर का दिलं नाही, याचा मला अंदाज आहे. दोन पानी पत्रात बहुधा ‘मला त्रास देतात, टोमणे मारतात, माझ्याशी बोलत नाहीत’ असं असेल. सगळं खरं, पण वाचणारा त्याला ‘वॉर्डातली भांडणं’ म्हणून बाजूला ठेवतो. शिवाय ती सीनियर सिस्टर वॉर्ड चालवते. ती दुखावली तर उद्या रोस्टर कोण सांभाळणार, ही प्रशासनाची खरी भीती असते. तेव्हा नव्या नर्सच्या दुःखाने ते हलत नसतील, तर पेशंटच्या धोक्याची भाषा वापरावी लागते. ही चलाखी नाही, कारण धोका खराच आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या ‘जॉइंट कमिशन’ने जुलै २००८ मध्ये रुग्णालयांसाठी खास सूचना काढून सांगितलं होतं की धाकदपटशा आणि अपमानाच्या वागण्यातून उपचारांतल्या चुका वाढू शकतात.

दुसरं पत्र एका पानाचं हवं. नमुना म्हणून सांगते : ‘अमुक तारखेला रात्री आठच्या हँडओव्हरमध्ये बारापैकी तीन पेशंटची माहिती मला दिली नाही. त्यातल्या एकाचं सकाळी ऑपरेशन होतं आणि रक्त पातळ करणारं औषध चालू होतं. केसपेपर वाचताना ते दिसलं म्हणून मी डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारलं.’ अशा तीन-चार घटना, तारीख-वेळेसह. विशेषणं नकोत, त्या सिस्टरच्या स्वभावाबद्दल एक शब्द नको. शेवटी मागणी नेमकी : हँडओव्हर खाटेजवळ उभं राहून पूर्ण व्हावा, ड्यूटीतले बदल फलकावर लेखी लागावेत, मला दुसऱ्या वॉर्डात बदली मिळावी. उत्तर कधीपर्यंत हवं, ती तारीखही लिहायची. पत्र नर्सिंग सुपरिंटेंडेंटना, आणि प्रत गुणवत्ता किंवा रुग्णसुरक्षा बघणाऱ्या विभागाला व मनुष्यबळ विभागाला. पोच घ्यायचीच. घटनेच्या नोंदीचा फॉर्म रुग्णालयात असेल, तर जिथे पेशंटला धोका झाला तिथे तो त्याच दिवशी भरावा.

हे लिहिता यावं म्हणून तिने रोज ड्यूटी संपल्यावर वहीत चार ओळी टिपाव्यात : तारीख, पाळी, काय घडलं, कोण हजर होतं. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही, केसपेपरचे फोटो काढायचे नाहीत, आणि सहकाऱ्यांबद्दलची तक्रार पेशंटच्या कागदांत कधीही नोंदवायची नाही. गोपनीयता मोडली या एका कारणावरून तक्रार करणारीच आरोपी होते.

आणि तुम्ही स्वतः मेट्रनना भेटायला जाऊ नका. जावंसं वाटत असणार, मला कळतं. पण ‘आईला घेऊन आली’ हे वाक्य वॉर्डात तिला वर्षभर चिकटेल. तिच्या बाजूने बोलायला नर्सेसची संघटना असेल तर तिकडे जावं. बाहेरचा मार्ग, म्हणजे कामगार खातं किंवा न्यायालय, जिथल्या तिथल्या कायद्यावर अवलंबून असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाविरुद्धचा करार केला, त्यात शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थींनाही धरलं आहे. पण सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, म्हणून त्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्या.

या सगळ्याला मी आठ आठवडे देईन. तेवढ्यात बदली किंवा ठोस उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर तिने ते रुग्णालय सोडावं, आणि त्यात हार नाही. ज्या व्यवस्थापनाला लेखी सांगूनही ऐकू येत नाही, त्याला सुधारणं हे तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीचं काम नाही. नवी नोकरी शोधायला मात्र आजपासूनच लागा. राजीनामा नवी ऑर्डर हातात आल्यावर, नोटिशीचा काळ पूर्ण करून, आणि अनुभवाचा दाखला व रिलीव्हिंग लेटर घेऊन.

फक्त तब्येतीच्या बाबतीत हे आठ आठवडे मोजायचे नाहीत. ड्यूटीच्या आधी रोज उलटी होत असेल, आठवडाभर झोप नसेल, हात कापत असतील, तर डॉक्टरांना दाखवून रजा घ्यावी. आणि ‘नकोच हे जगणं’ अशा अर्थाचं ती काहीही बोलली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि तिला एकटं सोडू नका. त्यापुढे नोकरी, दाखला, नोटीस काहीच मोठं नाही.

राहिला दुसऱ्या कोर्सचा प्रश्न. आत्ता नको. तिने अजून नर्सिंग पाहिलेलंच नाही, तिने एक वॉर्ड पाहिला आहे. डायलिसिस, लहान मुलांचा विभाग, सार्वजनिक आरोग्य, कारखान्यातली आरोग्यसेवा, संसर्ग नियंत्रण, पुढे शिकून अध्यापन, हे सगळं नर्सिंगच आहे आणि प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी असते. ऑपरेशन थिएटर मात्र लगेच नको असं माझं मत. तिथला गट छोटा आणि जुना असतो, सावरलेल्या मनाने तिथे जावं. नव्या जागी वर्षभर चांगलं काम करूनही तिला हा पेशा नकोसा वाटला, तर मला पुन्हा लिहा, मी दुसऱ्या वाटा मनापासून शोधून देईन. ती दमलेली, घाबरलेली असताना तीन-चार जणींनी तिचं करिअर ठरवावं, हे मला मान्य नाही.

नव्या ठिकाणी मुलाखतीत ‘आधीची जागा का सोडली?’ असं विचारतील. ‘नव्या नर्सला व्यवस्थित शिकवणारी जागा शोधते आहे’ इतकं पुरे, जुन्या वॉर्डाची कहाणी सांगू नये. मग तिनेही विचारावं : सुरुवातीचे किती आठवडे माझ्यासोबत अनुभवी नर्स असेल? रुजू होण्याआधी वॉर्ड बघता येईल का? या वॉर्डातून गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या? आणि शेवटी हेही विचारावं : ‘रात्री दोन वाजता मला शंका आली, तर मी कुणाला विचारायचं?’ समोरच्यांनी चटकन एखाद्या व्यक्तीचं नाव किंवा पद सांगितलं, तर ती जागा विचारात घ्यावी. ते एकमेकांकडे बघू लागले, तर पुढची मुलाखत शोधावी.