१६ तारखेचं काम १८ला दिलं तर चालेल का?

प्रश्न : दर महिन्याच्या १६ तारखेपर्यंत खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या २बीशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची दरमहाची यादी) जुळवून मला मॅनेजरांकडे द्यावी लागतात. या वेळी रजिस्टरमधल्या ४२० बिलांपैकी ६४ बिलं २बीमध्ये नाहीत. उलट २बीत दिसणाऱ्या ३८ बिलांची आमच्याकडे नोंदच नाही. मुदत कशी मागू?
— अकाउंट्स विभागातील एक वाचक, चाकण

उत्तर : आधी ही ६४ आणि ३८ वेगळी करा. मुदत फक्त ३८ बिलांसाठी मागायची आहे.

६४ बिलांत आधी बिल क्रमांकाचे फरक तपासा. '०४५' आणि '४५' एवढ्यानेही जुळणी चुकते. उरलेल्यांना जास्त दिवस मिळून उपयोग नाही. पुरवठादाराने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, ११ तारखेपर्यंत भरलं नाही (तिमाही विवरणपत्र भरणाऱ्याने आयएफएफ, म्हणजे त्या महिन्याची बिलं दाखवायची सोय, १३पर्यंत), की १४ला बनणाऱ्या २बीत ते बिल येत नाही. आज भरलं तरी पुढच्या महिन्यात दिसेल. क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, बुडत नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोवर, ते घेता येतं. त्यांची यादी करून पुढे ढकला.

३८ बिलांचं मात्र खरं काम आहे: बिलाची प्रत मागवणं, माल गेटवर आल्याची नोंद पाहणं, एन्ट्री करणं. बिल आणि माल दोन्ही हातात असल्याशिवाय क्रेडिट घेणं चूक आहे, म्हणून इथे घाई नको.

१४ला २बी उतरवून घेतलीत की १५ला सकाळीच बोला. १६च्या संध्याकाळी मागितलेली मुदत मॅनेजरला अडचणीत टाकते. जीएसटीआर-३बीची, म्हणजे कर भरायच्या मासिक विवरणपत्राची, तारीख २० आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. २०च्या आधी मॅनेजरांना आकडे तपासायचे असतात, चलन भरायचं असतं, संचालकांची डिजिटल सही मिळवायची असते. म्हणून १८ला दुपारी १२च्या पुढे मागू नका.

असं लिहा (बिल क्रमांक तपासून आकडे बदलले, तर नवे घाला): "सर, ३५६ बिलं जुळली, ती शीट १६लाच देते. ६४ पुढच्या महिन्यात जातील, यादी जोडली आहे. ३८ बिलांच्या प्रती पुरवठादारांकडून मागवल्या आहेत. त्यासाठी १८ला दुपारी १२पर्यंत वेळ हवा."

"थोडा वेळ मिळेल का?" एवढंच विचारू नका, किती वेळ, ते त्यांना कळत नाही. १७ सांगून पुन्हा १८ मागणं तर त्याहून वाईट.

नाही म्हणाले, तर ३८ बिलं कराच्या रकमेनुसार मोठ्यापासून लावा, वरची जमतील तेवढी पूर्ण करा आणि बाकीची पुढच्या महिन्यात घ्यायची का, ते त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या.