वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवला. कंपनी म्हणते 'आमचा संबंध नाही'. खरंच नाही का?

संबंध आहे: तुम्ही कंपनीच्या आवारात काम केलं असेल, तर ठेकेदाराने थकवलेला पगार कंपनीलाच द्यावा लागतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) मध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं आणि 2025 मध्ये त्याची जागा घेतलेल्या नव्या कामगार संहितेतही हीच तरतूद आहे. ठेकेदाराकडून ते पैसे नंतर वसूल करायचे की नाही, ती कंपनीची डोकेदुखी. पीएफचंही तसंच. पगारातून कापलेला पीएफ ठेकेदाराने भरलाच नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालय मूळ कंपनीला धरतं, म्हणून आधी यूएएन (तुमचा पीएफ क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक बघा. बऱ्याच जणांना कपात होऊनही खातं कोरडं असल्याचं तिथेच कळतं.

पण एक मेख आहे. तुम्ही कंपनीत नाही, तर तिला सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरच्या वेगळ्या शेडमध्ये कामाला असाल, तर कायद्याने मालक तो व्हेंडरच. मोठ्या कंपनीवर तिथे फार तर तिच्या पुरवठादार आचारसंहितेचं बंधन, आणि ते ती स्वतः किती पाळते ते तुम्ही जाणताच! तरी त्यांच्या खरेदी विभागाला लेखी कळवा. ऑर्डर जाण्याच्या धाकाने व्हेंडर लवकर हलतो.

छत्रपती संभाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देताना सोबत एवढं ठेवा:
- गेटपास किंवा पंचिंगची नोंद
- बँकेचं स्टेटमेंट, आधीचे पगार दिसणारं
- सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज

अर्जात ठेकेदार आणि कंपनी, दोघांचीही नावं टाका.