नारव्हालचं लांब शिंग नेमकं कशासाठी असतं?

नारव्हाल म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या आर्क्टिक समुद्रातला एक देवमासा. त्याचं ते शिंग नाहीच, दात आहे! वरच्या जबड्यातला डावा सुळा ओठ फोडून बाहेर येतो आणि पीळ घेत जवळजवळ ३ मीटरपर्यंत वाढू शकतो.

आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो पाहताना भाचीने विचारलं होतं, "मामा, याचे दात कुठे गेले?" त्याला दात नसतातच, तो तोंडातल्या झालरीने पाणी गाळून खातो. नारव्हालची गंमत वेगळी. त्याच्या तोंडात चावायला एकही दात नाही, आणि जो आहे तो बाहेर!

आता उपयोग. हा सुळा मुख्यतः नरांना असतो. बहुतेक माद्यांना नसतो, तरी त्या त्याच थंडगार आर्क्टिक समुद्रात छान जगतात, शिकार करतात, पिल्लं वाढवतात. म्हणजे पोट भरण्यासाठी तो अत्यावश्यक नाही. मला सगळ्यात पटतं ते हेच, की मोराच्या पिसाऱ्यासारखा तो माद्यांना आणि इतर नरांना आपली ताकद दाखवायला असावा.

पण तेवढ्यावर संपत नाही. सुळ्यातल्या बारीक नळ्या बाहेरच्या पाण्यापासून आतल्या नसांपर्यंत पोचतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुळ्याभोवतीच्या पाण्याचा खारटपणा बदलला तसे नारव्हालच्या हृदयाचे ठोकेही बदलले, म्हणजे सुळ्याला तो बदल जाणवत असावा. आणि कॅनडाच्या नुनावुतमध्ये ड्रोनने टिपलेल्या दृश्यांत नारव्हाल सुळ्याचा फटका देऊन कॉड मासे बधिर करताना दिसले. २०१७ साली ती दृश्यं समोर आली. जरूर बघा.