'पॅरिशवर जाणं' म्हणजे नेमकं कुठे जाणं?

प्रश्न असा आला आहे: "एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करते आहे. काळ १९०९ चा, जागा दक्षिण इंग्लंडमधलं एक खेडं. एका म्हाताऱ्या शेतमजुराबद्दल त्यात वाक्य आहे, 'ही वेंट ऑन द पॅरिश'. मी आधी 'तो चर्चच्या आश्रयाला गेला' असं केलं. संपादकांना ते पटलं नाही, त्यांनी 'तो धर्मग्रामात गेला' असं सुचवलं. आता मला दोन्ही पटेनासं झालंय. पॅरिशला मराठीत एक पक्का शब्द नाही का? आणि रेक्टर, व्हिकर, क्युरेट या सगळ्या पाद्र्यांना सरसकट 'फादर' म्हटलं तर चालेल का?"

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही चालणार. का, ते पुढे येईलच. आधी म्हाताऱ्याचं बघू.

हा म्हातारा कुठेच गेलेला नाही. तो आपल्या झोपडीत, आपल्याच चुलीपाशी बसलाय. फक्त त्याचं नाव एका यादीत चढलंय. १६०१ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीवर, आपापले गरीब पोसायची जबाबदारी टाकली. त्यासाठी जमीन आणि घरं असलेल्यांवर पट्टी बसवायची, ती गोळा करायला दरवर्षी गावातलेच दोघे-चौघे नेमायचे, आणि त्यातून म्हातारे, विधवा, पोरकी मुलं, लुळेपांगळे यांना काही द्यायचं. तेव्हा 'पॅरिशवर जाणं' म्हणजे या पट्टीच्या पैशावर जगायची वेळ येणं. यात चर्चचा आश्रय नाही, देवाधर्माची दयाही नाही. हा सक्तीचा कर होता. देणारे कुरकुरत द्यायचे आणि घेणारा मान खाली घालून घ्यायचा.

गंमत म्हणजे १९०९ साली हे वाक्य कागदोपत्री खरं उरलं नव्हतं. १८३४ च्या कायद्याने बऱ्याच पॅरिश एकत्र करून त्यांचे 'युनियन' केले होते. प्रत्येक युनियनचं एक वर्कहाउस, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन राबवायचं घर, आणि कारभाराला निवडलेलं पालक मंडळ. म्हाताऱ्याला आठवड्याचे दोन-तीन शिलिंग आणि पाव मिळायचे ते युनियनच्या माणसाच्या हातून. पण लोकांच्या तोंडात पॅरिशच राहिला. आपल्याकडे आणे जाऊन साठ वर्षं उलटली तरी खरी गोष्ट अजून सोळा आणेच खरी असते, त्यातलाच प्रकार.

म्हणून माझी पहिली सुचवणी: 'म्हातारा अखेर गावाच्या तुकड्यावर आला.' 'तुकड्यावर' या शब्दात पावही आला आणि लाजही. 'धर्मादायावर' मला नको वाटतं, कारण त्यात देणाऱ्याची पुण्याई डोकावते. कुणी 'माधुकरी' सुचवील, तर तेही नको. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला कमीपणा नव्हता. इथे कमीपणा हाच वाक्याचा जीव आहे.

आता तुम्ही म्हणाल, पॅरिशचं 'गाव' केलंत, मग सगळीकडे गावच करू का? नका करू. या वाक्यात गाव चालून जातं, कारण तिथे पोसणारा समाज अभिप्रेत आहे. पण पॅरिश म्हणजे वस्ती नव्हे, ती एक हद्द आहे. दक्षिणेत पुष्कळदा एक चर्च, एक गाव, एक पॅरिश असा जम बसलेला असतो, म्हणून फरक जाणवत नाही. उत्तरेकडे गेलात की एकेका पॅरिशच्या पोटात अनेक वस्त्या, आणि चर्च माळरान ओलांडून कोसभर लांब. चर्च नसलेल्या छोट्या वस्तीला इंग्रजीत 'हॅम्लेट' म्हणतात. तिथे मात्र आपली 'वाडी' इतकी चपखल बसते की दुसरा शब्द शोधूच नये. पॅरिशच्या जवळ जाणारा आपला शब्द खरं तर 'मौजा'. त्यात घरं आली, शेतं आली, वाड्या आल्या आणि हद्दही आली. अडचण एवढीच की कादंबरीत मौजा आला की सातबारा उघडल्यासारखं वाटतं.

ही हद्द किती महत्त्वाची होती याचं एक चित्र देतो, तुमच्या कादंबरीत आलं तर उपयोगी पडेल. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. त्याच्या आधीच्या दिवसांत पाद्री, चर्चवॉर्डन (चर्चची व्यवस्था बघणारे गावातलेच लोक) आणि गावकरी मिळून पॅरिशच्या शिवेने फेरी काढत. हातात विलोच्या छड्या. शिवेचा दगड आला, जुनं झाड आलं की त्यावर छड्या मारायच्या. बरोबर पोरं घेतलेली असायची. त्यांना कुठे दगडावर आपटायचे, कुठे छडीचा प्रसाद द्यायचे, म्हणजे पुढे साठ वर्षांनी वाद निघाला तर त्यातलाच एखादा म्हातारा होऊन सांगेल, "शीव इथेच आहे, इथेच मला मारलं होतं." हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शिवेच्या अलीकडचा भिकारी आपल्या पट्टीवर आणि पलीकडचा शेजाऱ्यांच्या. विसाव्या शतकात ही चाल काही ठिकाणी नुसती हौस म्हणून उरली.

शब्दाचं कूळ बघितलं तर मजा आहे. पॅरिश आला फ्रेंचमधून, तिथे लॅटिन 'पारोकिआ'मधून, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक 'पारोइकिआ': 'पारा' म्हणजे शेजारी, 'ओइकोस' म्हणजे घर. परक्या मुलखात बिऱ्हाड करून राहणं, असा त्याचा जुना अर्थ. हा ओइकोस आणि आपला संस्कृत 'वेश' (कपड्यांचा नव्हे, घर या अर्थाचा) एकाच मुळाचे. संस्कृतात शेजाऱ्याला 'प्रतिवेशी' म्हणतात, म्हणजे घराची ती जुनी खूण दोन्हीकडे शेजारासाठीच वापरली गेली. यावरून कुणी पॅरिशला 'प्रतिवेश' असा नवा शब्द पाडू नये ही विनंती. नवे शब्द पाडायची खाज मलाही आहे, पण वाचकाला उचकी लागेल.

आता 'धर्मग्राम'. हा शब्द संपादकांनी हवेतून काढलेला नाही. वसईच्या कॅथलिक समाजात तो रोजच्या वापरात आहे, 'धर्मप्रांत' आणि 'धर्मगुरू' यांच्या पंगतीत. गोव्याकडे त्यालाच 'फिर्गज' म्हणतात, पोर्तुगीज 'फ्रेगेझिआ'वरून. त्याच्या मुळात 'चर्चची लेकरं' असा अर्थ आहे. दोन्ही शब्द मला आवडतात, फिर्गज तर फारच. पण दोन्हींत चर्चची माणसं मोजली जातात. इंग्लंडचा पॅरिश तसा नाही. हद्दीत राहणारा प्रत्येक जण पॅरिशचा, मग तो रविवारी चर्चला जावो, मेथडिस्टांच्या चॅपलला जावो, नाहीतर दारूच्या गुत्त्यात पडून राहो. (चर्च आणि चॅपल यांतही गल्लत करू नका. १९०९ च्या खेड्यात 'ते चॅपलवाले' म्हटलं की मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे अधिकृत चर्चबाहेरचे पंथ, आणि त्यात बहुधा मजूर-कारागीर अधिक. जमीनदार चर्चमध्ये, पुढच्या बाकावर.) तेव्हा वसईच्या किंवा गोव्याच्या कथेत धर्मग्राम आणि फिर्गज खुशाल लिहा. तुमच्या कादंबरीत 'पॅरिश' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातूनच त्याचा अर्थ उलगडू द्या.

वरच्याला धरून एक सापळा आहे. १८९४ च्या कायद्याने गावकीचा कारभार चर्चच्या हातून काढून निवडलेल्या 'पॅरिश कौन्सिल'कडे दिला. तोवर करदात्यांची सभा 'वेस्ट्री'त भरायची, म्हणजे मुळात पाद्र्याची वस्त्रं ठेवायच्या खोलीत, आणि अध्यक्षपदी पाद्रीच असायचा. तीनशे किंवा जास्त वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला आता स्वतःचं कौन्सिल मिळालं आणि त्यात बायकांनाही उभं राहता आलं. याला बिनदिक्कत 'ग्रामपंचायत' म्हणा. चर्चच्या कारभारासाठीचं वेगळं कौन्सिल कायद्याने बांधलं गेलं ते १९२१ मध्ये, त्यामुळे १९०९ च्या कथेत ते डोकावायला नको.

आता फादर. व्हिकरला बायको असते. मुलं असतात, बहुधा बरीच. 'फादरच्या बायकोने चहा ओतला' हे वाक्य मराठी वाचकाला ठेच लावणारच. काही हाय-चर्चवाले, म्हणजे कॅथलिक वळणाचे पाद्री, फादर म्हणवून घेत, पण खेड्यातला माणूस 'पार्सन' म्हणायचा. 'पाद्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला असला तरी प्रॉटेस्टंटांनाही तो केव्हाच चिकटलाय, तो चालेल. 'पाळक' हा आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट मंडळीतला, म्हणजे चर्चच्या सभासदांतला, शब्द गोड आहे, पण मंडळी पाळकाला निवडते किंवा बोलावते असं काहीसं त्यातून सुचतं. इथे प्रकार उलटा होता. नेमणुकीचा हक्क कधी बिशपचा, कधी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजचा आणि पुष्कळदा गावच्या जमीनदाराचा असायचा. हा हक्क विकताही येई.

त्या पदाला इंग्रजीत म्हणत 'लिव्हिंग'. भाषांतरात याचं हमखास 'राहणीमान' किंवा 'उपजीविका' झालेलं दिसतं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे: 'वृत्ती'. गावच्या जोशाची वृत्ती, उपाध्यायाची वृत्ती, त्या अर्थाने. फरक एवढाच की आपली वृत्ती वंशपरंपरेने चालायची, ही नाही. 'त्याला ससेक्समध्ये चांगली वृत्ती मिळाली' हे मला तरी अस्सल वाटतं. या वृत्तीला जोडून चर्चची जमीन असे, 'ग्लीब' नावाची. तिला 'इनाम जमीन' म्हटलंत तर कुणी अडवणार नाही.

रेक्टर आणि व्हिकर यांतला फरक पदाचा नाही, पोत्याचा आहे. पॅरिशमधल्या पिकाचा दहावा हिस्सा, बायबलच्या मराठीत दशमांश, चर्चला जायचा. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशमांश, आणि कोकरं, अंडी, फळं असला किरकोळ दशमांश. दोन्ही ज्याला मिळत तो रेक्टर. पूर्वी अनेक ठिकाणी मोठा हिस्सा मठाने घेतला आणि कामाला आपला बदली माणूस ठेवला. 'व्हिकर' म्हणजे बदलीच. गोव्याचा 'विगार' त्याच लॅटिन शब्दाचा पोर्तुगीजमार्गे आलेला भाऊ. आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ मोडले, तेव्हा तो मोठा हिस्सा बऱ्याच ठिकाणी जमीनदारांच्या घरात गेला, आणि व्हिकर किरकोळीवरच राहिला. १८३६ च्या कायद्याने दशमांश रोख झाला आणि गहू, सातू, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधला गेला. १८७० नंतर अमेरिकेचा गहू आला, भाव कोसळले आणि त्याबरोबर पार्सनची मिळकतही. तुमच्या कादंबरीत बारा खोल्यांच्या घरात फाटक्या गालिच्यावर बसलेला व्हिकर असेल, तर ते लेखकाने उगाच घातलेलं नाही.

क्युरेट हा व्हिकरच्या हाताखालचा, पगारावरचा. फ्रेंचमध्ये नेमका उलटा प्रकार, तिथे 'क्युरे' म्हणजे पॅरिशचा मुख्य. मराठीत क्युरेटला 'सहायक पाद्री' म्हणा, रेक्टर आणि व्हिकर मात्र तसेच ठेवा. तीन मराठी शब्द पाडून वाचकाला तिन्ही पाठ करायला लावण्यात अर्थ नाही.

जाता जाता तुमच्या म्हाताऱ्याचं वय एकदा तपासा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टातून सरकारी पेन्शन सुरू झालं, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. पण १९०८ च्या सुरुवातीपासून जो एकदा पॅरिशवर गेला, त्याला ते नाकारलं जाई. ही अट उठली १९११ च्या आरंभी. तो एकाहत्तर वर्षांचा असेल आणि आदल्या हिवाळ्यात नाव चढलं असेल, तर शेजारचा म्हातारा शुक्रवारी पोस्टात जाऊन पाच शिलिंग घेऊन येणार आणि हा खिडकीतून बघत बसणार. तसं असेल तर 'तुकड्यावर आला' एवढ्याने भागणार नाही. 'यादीत नाव चढलं' हे शब्द वाक्यात कुठेतरी यायला हवेत.